पोळ्यापर्यंतच

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. चेहरा लगेच समोर येतो, आवाज मागाहून येतो. आज माझी सुट्टी आहे, दुपारची वेळ आहे आणि उद्या पोळा आहे. तुमचा लेक, माझा धाकटा भाऊ, मागच्या अंगणात शेजाऱ्याच्या मोटारसायकलचं चाक काढून बसला आहे. त्याच्यावर नजर राहील अशी मी स्वयंपाकघराच्या दारात बसून लिहिते आहे. काय लिहितेस म्हणून त्यानं एकदा विचारलं. डेपोत रजेचा अर्ज द्यायचा आहे, असं मी सांगितलं. एवढा लांब अर्ज कोण लिहितं, पण तो पुन्हा चाकाकडं वळला. हल्ली तो बोलायच्या आधी बराच वेळ घेतो.

तुम्ही गेल्यावर मी एसटीत कंडक्टर म्हणून लागले. तुमच्या त्या मुकाट पोरीचा आवाज आता असा झाला आहे की कळंबच्या स्टँडवर ओरडले तर चिंतामणीच्या देवळात ऐकू जावा. पिऊन चढणाऱ्याला मी गाडीत घेत नाही, चुकून घेतलाच तर पुढच्या फाट्यावर उतरवते. पलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून तिकडचे शौकीन इकडे येऊन पितात आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत माझ्या नशिबी येतात. एकाला मी म्हटलं होतं, भाऊ, तुमच्या जिल्ह्याची बंदी आमच्याच गाडीत काहून सुटते? सगळी गाडी हसली होती. दारुड्यांना माझ्याइतकं कोणी ओळखत नाही असं मला वाटायचं. बापाच्या घरी शिकून आले होते ना, फुकटचं शिक्षण! हा माझा तोरा होता, आणि तो यंदा सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर उतरला.

शिमग्याच्या आधी पांढरकवड्याहून फोन आला. हायवेवरच्या ज्या गॅरेजात भाऊ ट्रकचे डिझेल पंप खोलायला शिकला, तिथल्या उस्तादांचा. म्हातारा माणूस, कधी थेंबाला शिवला नाही, पण याला पोटच्या पोरासारखा सांभाळला. ते म्हणाले, बेटी, आके ले जाओ, इसके हाथ में पाना नहीं ठहरता. याची बायको तेव्हाच माहेरी निघून गेली होती, आणि तिला नाव ठेवायला मला तोंड नाही. मी त्याला यवतमाळला आमच्या घरी आणला. तुमचे जावई म्हणाले, ठेव, पण घरात बाटली दिसली तर मी जबाबदार नाही. बाटली दिसणार कशी, त्यानं तर माझी शपथ घेऊन त्याच दिवसापासून एकदम बंद केली. मी खूश. दोन दिवसांनी तो भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मग त्याला झटका आला, दातखिळी बसली, डोळे फिरले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी त्याला सुया दिल्या आणि मग मला झापलं, की इतकी पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम तोडायची नसते, त्यात जीव जातो, आधी इकडे आणायचं असतं. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला तुम्ही दिसत होतात. उन्हाळ्याच्या तोंडावर गोधडी पांघरून कुडकुडणारे, अंगावरचं काहीतरी झटकणारे. आई तेव्हा म्हणाली होती, बाहेरचं लागलं. तिनं तुमच्यावरून मीठ-मिरच्या उतरवून टाकल्या होत्या.

त्या डॉक्टरबाई जरा तोंडाच्या फटकळ आहेत, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं. माझा खाकी ड्रेस पाहून त्यांनी मला गाडीच्याच भाषेत समजावलं. म्हणाल्या, दारू म्हणजे डोक्याला लावलेला ब्रेक. रोज ब्रेक लागलेलाच, म्हणून डोकं काय करतं, तर एक्सीलेटर दाबून धरायला शिकतं, नाहीतर गाडी चालायचीच नाही. वर्षानुवर्षं असं चालतं. मग एक दिवस तुम्ही ब्रेक काढता, पण एक्सीलेटरवरचा पाय तसाच. गाडी उसळते. ते थरथरणं, घाम, मुंग्या, झटका, सगळं ते उसळणं. ते औषधानं काही दिवसांत शांत होतं. मी म्हटलं, मग झालं बरं? त्या हसल्या. म्हणाल्या, आता तर सुरू होतं. झोप, आठवण, कामात मन लागणं, राग आवरणं, कशात तरी गोडी वाटणं, हे सगळं डोकं नव्यानं जुळवतं आणि त्याला महिने लागतात. कुणाला वर्ष लागतं. कुणाचं सगळं परत येत नाही, पण पुष्कळसं येतं, मधे घेतली नाही तर. आणि याच दिवसांत घरचे म्हणतात की सोडल्यापासून माणूस बिघडला. तो बिघडत नसतो, बाई, तो दुरुस्तीला लागलेला असतो.

मी विचारलं, अशा माणसाला थोडीशी दिली की मग एकदम सगळं आठवतं, तोंड उघडतं, ते कसं काय? मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, भीती उतरते, एक. आणि दुसरं, जे वर्षानुवर्षं पिऊन केलं ते पिऊनच आठवायची डोक्याला सवय असते. न पिता तेच आठवायचं तर डोक्याला नवी वाट पाडावी लागते. वाट पडत असते, बाहेरून दिसत नाही. तेवढ्यात तुम्ही ग्लास दिला की डोकं म्हणतं, चला, जुनी सडक मोकळी झाली, कायले मेहनत करू. पुढचा नंबर पुकारला गेला म्हणून मी उठले. बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकले. एका म्हातारीनं मला विचारलं, पेशंट गेला का तुमचा?

तुम्ही माझ्या लग्नासाठी सोडली होती. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, कन्यादानाले माह्या हाताचा वास नाही आला पाहिजे. कोणाचा विश्वास बसला नाही, माझा तर मुळीच नाही. पण अखजीला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, लग्न लागलं तेव्हा तुमच्या हाताला फक्त हळदीचा वास होता. नंतर मी माहेरी यायचे तेव्हा तुम्ही खाटेवर बसलेले असायचे. विळा कुठं ठेवला ते आठवत नसे, एकच गोष्ट दोनदा विचारत, जनावरांवर उगाच चिडत आणि मग त्यांच्याच गळ्यात पडत. आई म्हणायची, दारू सुटली अन् मानूस हरपला. आणि तुमच्या झडत्या गेल्या, पोळ्याला बैलांपुढं म्हणायची ती चिमटे काढणारी कवनं. ते मात्र गावाला सहन झालं नाही. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की तुमच्या झडत्या ऐकायला आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची. दरवर्षी नव्या. पुढं गेली यष्टी, मागं उडली माती, सरपंचाची सडक हाये कागदावरती, असं तुम्ही सरपंचाच्या तोंडावर म्हणायचे आणि पोळा भरायचा तो सगळा आखर 'हर हर महादेव' करून दणाणायचा. सरपंचही हसायचा, काय करतो बिचारा.

मी सासरी जाऊन हेच मिरवलं होतं. नवी नवरी दुसरं काय मिरवणार, हुंडा नव्हता, रूप बेताचं. माझ्या बाबांसारखा झडत्या म्हणणारा तालुक्यात नाही, हे मी नेरला इतक्यांदा सांगितलं की सासरे म्हणाले, यंदा पोळ्याला येऊनच पाहू. त्यांच्याकडं शेती बटईनं दिलेली, घरी बैल नाहीत, त्यामुळे त्यांना यायला अडचण नव्हती. आदल्या दिवशी खांदमळणीला तुम्ही बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावत होतात. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, एवढं नीट म्हणालात. मग सहज एक झडती सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला अडकलात. पुन्हा सुरू केली, पुन्हा तिथंच. तुम्ही माझ्याकडं पाहिलं. पाटी हरवलेलं पोर मास्तरकडं पाहतं तसं. मला तुमची दया यायला पाहिजे होती ना? मला लाज वाटली. उद्या सासऱ्यांसमोर माझं काय होईल, एवढंच डोक्यात आलं.

शेजारच्या काकांनी उपाय सांगितला. त्यांनी तो वाईट मनानं सांगितला नाही, अख्खं गाव तेच म्हणत होतं. बुढ्याची बॅटरी उतरली हाये, म्हणाले, अर्धा ग्लास मोहाची दे, धक्का बसला का गाडी सुरू. आणि मग उद्यापासून पुन्हा बंद, त्यात काय. आणूनही त्यांनीच दिली. पोळ्याच्या दुपारी आई पुरणाच्या पोळ्या लाटत होती, पाहुणे ओट्यावर पान खात होते, तुम्ही गोठ्यात बैलांना झुली घालत होतात. मी हिरवं लुगडं सावरत स्टीलचा ग्लास घेऊन गोठ्यात आले. तुम्ही ग्लासाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग घेतलात आणि एका दमात पिऊन टाकलात. बैलाच्या शिंगाचं बेगड तोवर अर्धंच लागलं होतं.

त्या दिवशी तुम्ही जे म्हटलं ते कोणी विसरलं नाही. शाळेच्या ओट्यावर आम्ही बायका उभ्या होतो, तिथवर शब्द न् शब्द येत होता. नव्या व्याह्यांवर झडती, जावयाच्या चष्म्यावर झडती, पाटलाच्या आटलेल्या विहिरीवर झडती. पोळा फुटायची वेळ टळून गेली तरी लोक तुम्हाला सोडेनात. सासऱ्यांनी तुम्हाला मिठी मारली. मी तर रडले. बाबा, मी पुष्कळदा स्वतःशी खोटं बोलले आहे की मला तेव्हाच धाकधूक वाटली होती. काही वाटलं नव्हतं. मला इतका आनंद मंगळसूत्र गळ्यात पडतानाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही नेरला परत गेलो आणि तुम्ही दुसऱ्या दिवशीही प्यालात. तिसऱ्याही. पुढच्या पोळ्याला तुम्हाला तोरणापर्यंत दोघांनी धरून आणलं असं मी ऐकलं. मी आले नव्हते. त्यानंतरच्या थंडीत तुम्ही रक्त ओकून गेलात, आणि मी सगळ्यांसारखीच म्हणाले, बाबांना जमलं नाही. आईसुद्धा हेच मनात धरून गेली.

'जमलं नाही' हेच वाक्य आता माझ्या घरात येऊन बसलं आहे. भाऊ दवाखान्यातून आला तेव्हा त्याचं असं होतं की मी चहात साखर टाक म्हटलं तर तो डबा हातात घेऊन उभाच राहायचा. टीव्हीवर कोणाची पोरगी सासरी निघाली तरी हा रडायचा. मिक्सर बिघडला म्हणून मोठ्या हौसेनं खोलायला बसला, सगळे सुटे भाग पेपरवर मांडले आणि मग त्याला काही केल्या ते परत जुळवता येईनात. ज्यानं ट्रकचे पंप डोळे मिटून बसवले त्याला घरचा मिक्सर जमेना. त्यानं पेपर गोळा करून भिंतीवर फेकला. मी सुटे भाग वेचून ठेवले आणि चटणी पाट्यावर वाटली. डॉक्टरबाई मला म्हणाल्या होत्या, आता त्याची परीक्षा घेऊ नका. गावाकडून फोन यायचे, पोट्टं पार येडं झालं म्हनते, थोडी थोडी देत जाय, झेपन त्याले. त्या फोनवर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाडीतला सगळा सराव मी तिथं वापरला.

आणि मग हळूहळू, बाबा, त्याला झोप लागायला लागली. आधी झोप आली. मग भूक. आषाढात एक दिवस मी ड्युटीवरून आले तर मिक्सर ओट्यावर उभा, सुरू. एक वॉशर उरला होता तो बाजूला ठेवलेला, पण सुरू. तो म्हणाला, ताई, हा वॉशर कंपनीनंच जास्तीचा टाकला असन. किती वर्षांनी त्यानं गंमत केली होती! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. कारण तुमचंही हेच चाललं असणार. खाटेवर बसून तुमच्या डोक्यात एक एक भाग जुळत असणार. दुसऱ्या ओळीपर्यंत तुम्ही आलाच होतात.

पण श्रावण लागला तसा हा पुन्हा गप्प झाला. मला वाटलं तलफ येते आहे. एक दिवस पोहे खाता खाता म्हणाला, "ताई, बाबानंही शिमग्यालेच सोडली होती ना? आपल्या घरात पोळ्यालोकच जमते. रक्तातच हाय ते. मले बी पोळा येऊन राह्यला." पोळ्यापर्यंतच जमतं, हे तो घाबरून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे, गाडीचा टाइम सांगावा तसं म्हणाला. त्यानं पडायची तारीख ठरवून ठेवली होती, आणि ती तुमच्याकडून घेतली होती.

गोठ्यातलं त्याला सांगावं की नाही, यात मी किती दिवस काढले. सांगितलं तर त्याला धरून ठेवणारी मी एकटी, तीच त्याच्या मनातून उतरणार. नाही सांगितलं तर तो पोळ्याला घसरणार आणि म्हणणार, बापावर गेलो. आज सकाळी तो चहा घेत होता तेव्हा मी सांगून टाकलं. ग्लास मी आणला, गोठ्यात मी आले, सासऱ्यांसमोर मिरवायला मी दिली. तो पोळ्याला तेव्हा पांढरकवड्याला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेला. मी दारातच बसले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दारूचं दुकान आहे, ते सकाळीच उघडतं. मी उठून त्याच्या मागं गेले नाही. म्हटलं, एकदा बापाला पाजली, आता भावाला पाजली.

ऊन चढल्यावर तो आला. तो बाहेरून आला की मी रोज काही ना काही निमित्त काढून त्याच्याजवळ जाते आणि वास घेते, ते त्याला ठाऊक आहे. आज तो स्वतःच वाकला आणि माझ्या तोंडावर श्वास सोडला. नुसता चहाचा वास. म्हणाला, स्टँडवर बसून होतो, तुझ्या गाड्या पाहून राह्यलो होतो. मग ओट्यावर बसला आणि म्हणाला, "म्हणजे बाबाले जमलं होतं." मी मान हलवली. त्यानं पुन्हा म्हटलं, स्वतःशीच, जमलं होतं त्याले. त्याचा चेहरा असा काही झाला होता की मला वाटलं, चला, माझी नाचक्की कामी आली. आणि मग त्यानं विचारलं, "तू देल्ली तं त्यानं लगेच घेतली?"

मी म्हटलं, हो.

आता तो चाक बसवतो आहे. हात स्थिर आहेत. उद्या गावी जायचं की नाही ते त्याचं त्यानं अजून ठरवलेलं नाही. वर मी गोठ्यातलं लिहिलं, त्यातही तुम्हाला खोटं सांगितलं, बाबा, आणि तुम्ही तर तिथं होतात. तुम्ही लगेच घेतली नव्हती. तुम्ही हात मागं घेतला होता. म्हणाला होतात, "नको माय, आता कुठं जमून राह्यलं." मी तुमचा हात धरून त्यात ग्लास दिला आणि म्हटलं, माझी इज्जत राखा. मग तुम्ही प्यालात. उद्यासाठी त्याला नेमकं हेच ऐकायला हवं आहे, की त्याचा बाप नको म्हणाला होता. तो हाकेच्या अंतरावर आहे, आणि मी ते त्याला सांगायचं सोडून तुम्हाला लिहीत बसले आहे.